पाव या संख्येचं वर्गमूळ

मागच्या वेळी मी तुमच्याकडे आले होते तेव्हा तुम्ही दोघं फोनवर ठोकळ्याठोकळ्यांचे जुने खेळ खेळत होतात. फार पूर्वी बंद पडलेलं एखादं यंत्र आजच्या यंत्रात पुन्हा चालतं करायचं, असं हे काम असतं. तुमच्या आईने ते तुम्ही जन्मायच्या पुष्कळ आधी, हैदराबादेत, आमच्या बरकतपुऱ्याच्या घरात राहून केलं होतं. ती ते तुम्हाला कधी सांगत नाही. सांगायला गेलं तर मधे माझी एक चूक येते, आणि ती माझी लाज राखते. म्हणून मीच लिहिते आहे. तुम्हाला मराठी वाचायला वेळ लागतो, हे मला माहीत आहे. रोज एक पान वाचलं तरी चालेल.

आधी यंत्राबद्दल सांगते. तुमच्या आजोबांचे धाकटे भाऊ आखाती देशात नोकरीला होते. एकदा सुट्टीवर येताना त्यांनी घरगुती कॉम्प्युटर आणला. पाठ्यपुस्तकाएवढा काळा डबा, त्यावर दाबली की नाही ते बोटाला कळू नये अशी चपटी बटणं. तो टीव्हीला जोडायचा आणि टेपरेकॉर्डरवरून त्यात प्रोग्रॅम भरायचे. तुमचे आजोबा वकील. त्यांनी आठवडाभर बटणं दाबून पाहिली आणि म्हणाले, "हे मुन्सफासारखं आहे. एक स्वल्पविराम चुकला की अर्ज परत." मग त्यांनी तो सोडला आणि सातवीतल्या तुमच्या आईने धरला. तासाभरात डबा तापायचा. मग मी गार पाण्याने भरलेला स्टीलचा डबा त्याच्यावर ठेवायची आणि ती पुढे चालू करायची.

ती एमसीएच्या शेवटच्या वर्षाला पोचली तोवर शहराचा नूर पालटला होता. देशाची दारं उघडली असं पेपरात रोज यायचं. आम्हाला ते वेगळ्याच गोष्टींतून कळलं. कोपऱ्याकोपऱ्यावर एसटीडीचे बूथ निघाले, गच्च्यांवरून केबलच्या तारा गेल्या, आणि ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या वकील, कारकून नाही तर मास्तर झाले, तिथली मुलं सॉफ्टवेअर म्हणायला लागली. तुमच्या आईलाही एका कंपनीने निवडलं. पत्रात अट होती, जुलैत रुजू व्हायचं आणि त्या दिवशी पास झाल्याचा दाखला दाखवायचा. नाही दाखवला तर पत्र रद्द. बाकीचे पेपर चांगले गेले होते. राहिलं होतं फक्त प्रोजेक्ट. ते नापास झालं तर सहा महिने थांबायचं, आणि तेवढे दिवस कंपनी थांबणार नव्हती.

तिच्या मैत्रिणी लायब्ररीचं, हॉस्पिटलचं, पगाराचं प्रोजेक्ट करत होत्या. हिने ठरवलं की आपल्या काळ्या डब्याचा एम्युलेटर करायचा. तिचे सर तेलुगू होते. त्यांनी तिचा प्रस्ताव वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "एन्दुकम्मा इदि?" म्हणजे, कशासाठी गं बाई हे? कोण वापरणार?

"मी वापरीन, सर," ही म्हणाली.

सरांनी सही केली, पण बजावलं. बाहेरचे परीक्षक येणार. तुझा कॉम्प्युटर त्यांच्यासमोर साधं गणित चुकला तर मी काही बोलू शकणार नाही.

जेवताना मी तिला विचारलं की हे नेमकं आहे काय. ती म्हणाली, "आई, नव्या कॉम्प्युटरला जुन्याचं सोंग घ्यायला लावायचं. जुन्याच्या पोटात ज्या आज्ञा आहेत त्या नव्याने एकेक करून वाचायच्या आणि जुना जे करायचा तेच करायचं. जास्त हुशारी दाखवायची नाही."

"आणि जुना आहे की घरात."

"डुगडुगतोय तो. आणखी वर्षभर नाही टिकणार."

तर पहिलं काम, जुन्याच्या पोटातल्या त्या आज्ञा बाहेर काढणं. त्या म्हणजे आठ हजारांवर आकडे. तिने असा प्रोग्रॅम केला की टीव्हीवर एका वेळी थोडे आकडे आणि खाली त्यांची बेरीज दिसावी. मी वाचायचं, तिने लिहायचं. संध्याकाळी मी शाळेत शिकवून आल्यावर चहा झाला की आम्ही बसायचो. मी म्हणायची, "एकशे ब्याण्णव." ती म्हणायची, "आई, इंग्लिशमध्ये. ब्याण्णव म्हणजे नाइन्टी टू का एटी टू?" पक्षकारांच्या कागदांतून डोकं वर काढून आजोबा म्हणायचे, "हौ, मुलीला इंग्लिश मीडियमला घालायचं तुम्हीच म्हणाला होतात." तीन आठवड्यांत ते काम संपलं. प्रत्येक पानाची बेरीज आम्ही जुळवून पाहिली होती. त्यात एकही चूक नव्हती, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन.

दुसरं काम एकट्या माझ्याकडे आलं. आमच्या घरी नवा कॉम्प्युटर नव्हता. विद्यानगरात एका ठिकाणी तासावर वापरायला मिळायचा, तिथे ती दिवसभर बसायची. जुना घरी आणि नवा तिकडे, मग दोघांचं वागणं जुळतं का ते कसं कळणार? तिने मला दीडशे चाचण्यांची यादी करून दिली. अमुक टाइप कर, पडद्यावर काय येतं ते लिही. बेरजा, भागाकार, वर्गमूळं, मुद्दाम केलेल्या चुका. मला उन्हाळ्याची सुट्टी लागली होती. मी वही आखली, तांबड्या शाईने रकाने पाडले आणि कामाला लागले.

इथे मला माझ्या शाळेबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं तुम्हाला मूर्खपणाचं वाटेल. मी मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची. प्रॅक्टिकलच्या दोन वह्या असत, एक रफ आणि एक फेअर. प्रयोग करताना आकडे रफमध्ये टिपायचे, घरी जाऊन फेअर जर्नलमध्ये सुवाच्य उतरवायचे. लंबकाच्या प्रयोगात गुरुत्वाकर्षणाचं उत्तर नऊशे ऐंशीच्या जवळ यायला हवं. एखाद्या मुलीच्या रफमध्ये अकराशे चाळीस असायचं आणि फेअरमध्ये नऊशे अठ्ठ्याहत्तर व्हायचं. मला ते दिसायचं, तरी मी सही करायची. सगळ्याच शाळांत तसं चालायचं. वेडावाकडा आकडा आला तर तो निसर्गाचा नसतो, मुलीच्या हाताचा किंवा घड्याळाचा दोष असतो, तो फेअरमध्ये कशाला न्यायचा, अशी आमची समजूत होती. पंचवीस वर्षं मी अशाच जर्नलांवर सह्या केल्या होत्या.

यादीत एक चाचणी होती, पॉइंट टू फाइव्हचं वर्गमूळ. म्हणजे पावाचं. अर्ध्याला अर्ध्याने गुणलं की पाव, हे कोणालाही कळतं. मी बटणं दाबली. पडद्यावर आलं, १.३५९१४०९. मी ते रफ वहीत लिहिलं. मग वाटलं, काहीतरी दुसरंच दाबलं गेलं असेल. पुन्हा केलं, तेच आलं. डबा तापला असेल म्हणून गार पाण्याचा डबा ठेवला, पंख्याखाली अर्धा तास थांबले आणि तिसऱ्यांदा केलं. तिसऱ्यांदाही तेच. मला त्या यंत्राची कीव आली, खरं सांगते. इतकी वर्षं बिचारं चाललं, आता म्हातारपणी भ्रम होतोय, असं वाटलं. परीक्षकांसमोर त्याची शोभा कशाला, आणि माझ्या मुलीची तरी कशाला? रफमधले तिन्ही आकडे मी एकेका रेघेने खोडले आणि फेअरमध्ये सुंदर अक्षरात लिहिलं, ०.५.

चार दिवसांनी दुपारी व्होल्टेज वरखाली झालं. ॲडॉप्टर जळला आणि त्याच्यासोबत डबाही गेला. मी तो कोठीच्या बाजारात दुरुस्तीच्या दुकानात नेला. दुकानदाराने तो उघडून माझ्यासमोर धरला आणि म्हणाला, "अम्मा, इसमें अब कुछ नै रहा." मी सांगितलं तेव्हा तुमच्या आईने तो डबा उलटून पालटून पाहिला. मग म्हणाली, "तुझी वही झाली ना पूर्ण?" मी म्हटलं, झाली. ती म्हणाली, "मग ठीक आहे."

त्यानंतर काय झालं ते मला तेव्हा कळलं नव्हतं. तिचा एम्युलेटर चालू झाला होता. दीडशेपैकी एकशे एकोणपन्नास उत्तरं माझ्या वहीशी जुळली आणि एक जुळेना. तिचं म्हणणं असं की एक चुकलं म्हणजे मुळात कुठेतरी चुकलं आहे. ती शोधायला लागली. ते एक दुरुस्त करायला जावं की दुसरी चार बिघडायची. घरी येऊन ती नुसतं ताट चिवडायची. तिचा चेहरा उतरला, डोळ्यांखाली काळं आलं. मी विचारलं तर म्हणायची, "काही नाही, बग आहे." एकदा मात्र तिने विचारलं, "आई, तुझ्या वहीत सगळं बरोबर आहे ना?"

मला राग आला. मी म्हटलं, "पंचवीस वर्षं लोकांच्या मुलींची जर्नलं तपासते मी. माझ्या वहीत चूक?"

तिने पुन्हा विचारलं नाही. असे बारा दिवस गेले.

बाराव्या दिवशी ती आजोबांना म्हणाली की आता होणार नाही. प्रोजेक्ट द्यायला आठ दिवस राहिले होते. दिलसुखनगरला कोचिंग क्लासेसच्या गल्लीत तयार प्रोजेक्टं मिळायची, फ्लॉपी, रिपोर्ट आणि सोनेरी अक्षरांची बाइंडिंग, सगळं एकत्र. अर्धा वर्ग तिथूनच आणतो, असं ती म्हणाली. आजोबा वर्तमानपत्राची घडी घालत बसले. मी म्हटलं, मी येते बरोबर.

दुकान जिन्याखाली होतं. काउंटरवर चष्मेवाले एक गृहस्थ होते. त्यांनी बाक पुढे केला. "क्या होना अम्मा? लायब्ररी, हॉस्पिटल, पेरोल, सब रेडी है."

"पेरोल," तुमची आई म्हणाली.

ते रजिस्टर उघडत होते. सहज म्हणून त्यांनी विचारलं, "खुद का नै बनाए?"

"बनाई. एक जवाब गलत आ रा. पॉइंट टू फाइव्ह का स्क्वेअर रूट."

"कित्ता आ रा?"

"वन पॉइंट थ्री फाइव्ह नाइन."

मी बाकावर बसले होते. तो आकडा मी तीनदा पाहिला होता. तो चुकून येणाऱ्यांपैकी नव्हता. मला सगळं एकदम कळलं, आणि कळूनही मी लगेच तोंड उघडलं नाही. हे मी लपवणार नाही. मनात आलं, पेरोल घेतलं तरी ती पासच होणार, जुलैत रुजू होणार, आणि कोणाला काही कळायचं कारण नाही. त्या गृहस्थांनी पेनाचं टोपण काढलं. "नाम बोलो, बाइंडिंग पे डालना पडता." तुमच्या आईने नाव सांगायला तोंड उघडलं. तिचा आवाज इतका थकलेला होता की मला ते सोसलं नाही.

"थांबा," मी म्हटलं.

"काय झालं?"

"तेच येतं."

"काय तेच, आई?"

"आपल्या डब्यावरही तेच यायचं. वन पॉइंट थ्री फाइव्ह नाइन. मी अर्धा लिहिलं."

ती माझ्याकडे बघत राहिली. "कितीदा पाहिलंस?"

"तीनदा."

"आणि तिन्ही वेळा तेच आलं."

"हो."

"मग डब्याचं चुकत होतं. बनवणाऱ्यांनी दिलेल्या आज्ञांतच चूक होती," ती हळू म्हणाली. माझ्याशी नव्हे, स्वतःशीच. "माझं बरोबरच होतं."

"तो अम्मा," दुकानदारांनी विचारलं, "लेना है की नै?"

"नक्को," ती म्हणाली आणि उठली.

तिथून आम्ही रिक्षाने थेट विद्यानगरला गेलो. आत गेल्यावर तिने बारा दिवसांतल्या सगळ्या दुरुस्त्या काढून टाकल्या, पहिली फ्लॉपी घातली आणि माझ्यासाठी खुर्ची ओढली. रंगीत पडद्याच्या मधोमध आमच्या टीव्हीसारखा एक पांढरा चौकोन उघडला. तिने पावाचं वर्गमूळ विचारलं. उत्तर आलं, १.३५९१४०९.

"हेच?"

"हेच. शेवटचा नऊसुद्धा."

तिने मान डोलावली, पण माझ्याकडे पाहिलं नाही.

घरी आल्यावर मी आजोबांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "साक्षीदाराने सरळ बयान दिलं होतं. तुम्ही ते सुधारून घेतलंत. कोर्टात यालाच साक्षीदार पढवणं म्हणतात."

"मला वाटलं तो आजारी आहे."

"आजारी साक्षीदाराचंही जसंच्या तसंच लिहायचं असतं, बाई." मग त्यांनी मुद्द्याचं विचारलं. "आता परीक्षकाला सांगणार काय? मूळ यंत्र तर जळलं. तेही असंच चुकायचं याला पुरावा काय?"

पुरावा म्हणून माझी रफ वही होती. निकाल लागेपर्यंत रफ वही टाकायची नाही, हा माझा नियम. मी ती काढली. खोडलेले तिन्ही आकडे रेघेखालून स्वच्छ वाचता येत होते. आजोबा म्हणाले, नुसतं पान पुरणार नाही, खोडणारीने लिहून द्यायला हवं. मग त्यांनी मला समोर बसवलं, पण मजकूर सांगितला नाही. म्हणाले, तुमचे शब्द तुमचेच असू देत. मी इंग्रजीत लिहिलं. त्याचं मराठी साधारण असं होईल: मी, खाली सही करणारी, विज्ञान शिक्षिका, लिहून देते की हे उत्तर मी मूळ यंत्रावर तीन वेळा पाहिलं, ते मला चुकीचं वाटलं, म्हणून मी निरीक्षणाच्या जागी माझं स्वतःचं उत्तर लिहिलं. ते तसं लिहायला नको होतं.

एवढ्या चार ओळी लिहायला मला दुपार लागली. रिपोर्टच्या पाच प्रती निघणार होत्या, त्यातली एक कॉलेजच्या लायब्ररीत राहणार. माझ्या विद्यार्थिनींपैकी कितीतरी त्या कॉलेजात होत्या. तुमच्या आईने तो कागद टाइप करून परिशिष्ट म्हणून जोडला. माझ्या इंग्रजीतला एक शब्दसुद्धा तिने बदलला नाही. पुढचा आठवडाभर ती माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. वाढू का, नको. निघालीस का, हो.

तोंडी परीक्षेच्या दिवशी ती तिसऱ्या प्रहरी परत आली. सँडल काढता काढता म्हणाली, "झाले पास." मग मोरीत जाऊन पाय धुतले, पाटावर बसली आणि ताट ओढलं. जेवता जेवता तिने सांगितलं. परीक्षक वयस्कर होते. त्यांनी रिपोर्ट मागून पुढे वाचला, त्यामुळे परिशिष्ट आधी आलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. मग तिच्याकडून पावाचं वर्गमूळ तीनदा करून घेतलं आणि प्रत्येक वेळी रफ वहीतल्या आकड्यावर बोट ठेवून पाहिलं. सरांच्या कपाळावर घाम आला होता म्हणे. परीक्षक म्हणाले, यात सगळ्यात विश्वासाचं पान हे खोडलेलंच आहे. पण उपयुक्ततेचे गुण त्यांनी दिले नाहीत. उपयोग काय, या रकान्यात त्यांनी आडवी रेघ मारली. फर्स्ट क्लास तीन गुणांनी गेला.

"तीन गुणांनी?" मी विचारलं.

"पासशी मतलब." तिने भात कालवला. "बारा दिवस गं, आई."

"हो."

"मी रोज विद्यानगरात बसून रडायचे. समोरचा मुलगा पाणी आणून द्यायचा."

मी "हो" म्हटलं आणि तिथेच बसून राहिले. तिचं जेवण होईपर्यंत आम्ही दोघी तशाच बसलो होतो. तिच्या मनातलं निघून गेलं असं मी म्हणणार नाही. पण ती उठून गेली नाही.

संध्याकाळी तिने कंपनीचा फॉर्म आणला. चार पानांचा, मोठ्या अक्षरांत भरायचा. तिचं अक्षर तुम्ही पाहिलंच आहे. तिने तो माझ्यापुढे ठेवला. आजोबा म्हणाले, "हिच्याकडून भरून घेतेस? ही तुझी उंची दुरुस्त करील."

"आई, तूच भर," ती म्हणाली. "पण मी सांगेन तेवढंच लिही."

मी पेन घेतलं. नाव, पत्ता, शिक्षण, चष्म्याचा नंबर, तिने सांगितलं तसं लिहीत गेले. शेवटच्या पानावर छंद असा रकाना होता. ती शाळेत कथ्थक शिकली होती, तिने भरतकाम केलेली उशी त्याच खोलीत पलंगावर होती, आणि गोष्टींची पुस्तकं तर तिने पोत्याने वाचली होती.

"छंद?" मी विचारलं.

"काही नाही."

मी तिच्याकडे पाहिलं. ती माझ्या पेनाकडे बघत होती.

मी लिहिलं, काही नाही.